नर्सबाईंचा नावडता शेजारी

नर्सबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखांदूरच्या बसस्टँडवर एसटीची वाट पाहत होते. सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसल्या आणि बसल्याच... खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता सदाशिवभाऊला भरवणार कोण? गावात बहुतेकांच्या मनात तेच आलं असणार, बोललं मात्र कुणी नाही.

त्यांचं नाव मार्था. पण सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, म्हणून गावासाठी त्या नर्सबाईच. आमच्या गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. रिटायर झाल्यावर भाचा नागपूरला बोलवायचा, त्या गेल्या नाहीत. माझं घर त्यांच्या समोर आणि सदाशिवभाऊचं भिंतीला भिंत लागून. हा सदाशिवभाऊ म्हणजे... गेलेल्या माणसावर लिहिताना जित्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण ठेवते. जन्मभर गावाशी भांडला. नर्सबाईंच्या हातचं पाणी कधी प्यायला नाही. "बाटवून टाकन हे बाई," म्हणून पोरांनाही त्यांच्या अंगणात पाय ठेवू दिला नाही. पुढं बायको वारली, पोरं पुण्याला गेली, आणि लकव्यानं अर्धं अंग गेलं तसा भाऊ छपरीतल्या खाटेला खिळला.

पोरांनी भरवायला बाई लावली, ती शिव्या खाऊन पळाली. दुसरीही पळाली. मग नर्सबाईच ताट घेऊन गेल्या. पहिला घास त्यानं त्यांच्या पातळावर थुंकला. त्यांनी पदर धुतला आणि संध्याकाळी पुन्हा गेल्या! माझा नुसता जीव जळायचा. एकदा विचारलंच, "काहून जाता जी त्या खवीसाकडे? एवढा आवडते का तो तुमाले?"

"आवडते कायचा!" त्या भात कालवत म्हणाल्या. "पण शकुन, येशूनं शेजाऱ्यावर प्रेम कर म्हटलं. आवडत्या शेजाऱ्यावर कर, असं कुठं म्हटलं? तसं असतं तर मी तुह्याच घरी नसती का आली ताट घेऊन!"

आणि अशा हसल्या की मलाही हसू आलं. जाण्याआधी त्या घरीच डोळे मिटून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करत असतील. "त्याच्यासाठी नाही गं, माह्यासाठी," त्या म्हणाल्या. "देवा, आज याच्या कानाखाली देऊ देऊ नको मले."

हळूहळू घास पोटात जाऊ लागला. मीठ कमी म्हणून तो ओरडायचा, "उद्या टाकते" म्हणून त्या ताट आवरायच्या. पाहता पाहता वर्षं गेली.

भाच्यानं त्यांना भंडाऱ्याला नेऊन मातीत ठेवलं. त्या दिवसापासून भाऊनं दात आवळले ते आवळलेच. आम्ही बायका आळीपाळीनं जायचो. शिव्या नाहीत, थुंकणं नाही, नुसतं भिंतीकडे तोंड. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! डॉक्टर सलाईन लावून गेले. पोरं फोनवर म्हणाली, "पाहतो काकू." डोळ्यांदेखत माणूस वाळत होता आणि आमच्या हातात काही नव्हतं.

आता आमच्या बायकांचं डोकं पाहा. दहाव्या दिवशी आम्ही त्या ख्रिस्ती बाईसाठी पत्रावळीवर भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढून दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर ठेवलं. भाचा घर बंद करायला आला होता. "आमच्यात हे नसते काकू," तो म्हणाला, पण चपला काढून उभा राहिला. कावळे चिंचेवर बसून होते. एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून कुणीतरी मोठ्यानं शब्द द्यायचा असतो. कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ भिंतीपलीकडे छपरीत पडल्या पडल्या आमच्याकडेच पाहत होता. तरी कुणाचं तोंड उघडेना. माझंही नाही. शब्द दिला की रोज जावं लागतं.

शेवटी खाटेवरूनच आवाज आला, जड जिभेचा. "जाऊ द्या तिले... खातो म्हना मी."

कावळ्यासाठी ठेवलेला भात जित्या माणसाला देत नाहीत, एवढं मला कळतं. पण घरून दुसरा आणेपर्यंत त्याचं तोंड पुन्हा मिटलं तर? मी पत्रावळ उचलली आणि धावले. चार घास खाल्ले त्यानं, डोळे गळत होते. मग तोंड उघडं ठेवूनच थांबला. मला समजेना. त्यानं चांगल्या हातानं मेलेल्या गालाकडे दाखवलं. "इथं शितं अडकते... ते बाई बोटानं काढे."

वर्षानुवर्षं समोर राहून मला हे माहीत नव्हतं.

आजही तो चार घासांच्या वर जात नाही. अंग उतरतच चाललंय, माझ्यानं काही होत नाही. आणि तो मला अजूनही आवडत नाही. तरी संध्याकाळ झाली की मी भात मऊ कालवते, आणि निघण्याआधी नखं वाढली नाहीत ना, तेवढं पाहते.