चार स्पेसचा नियम

ऑफिसात सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एका प्रोग्रामिंग भाषेची देखभाल करणाऱ्या छोट्या गटात त्यांची वीस वर्षं गेली होती. कोडच्या ओळी कुणी दोन स्पेस आत सरकवून लिही, कुणी पाच, बहुतेक जण टॅबची कळ दाबून; त्या एका खुणेची रुंदी प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी दिसे. हा सावळागोंधळ त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. शेवटी त्यांनी कोड आपोआप नीटनेटका करणारा फॉर्मॅटर तयार केला आणि दोन वर्षं बैठकांमध्ये भांडून नियम मंजूर करून घेतला: ओळ आत सरकवण्याची प्रत्येक पायरी चार स्पेसची, टॅब बंद.

महिन्याभरात भाषेच्या मॅन्युअलमध्ये चुका निघू लागल्या.

मॅन्युअल म्हणजे ताईंचं काम. कोडमधल्या टिपा गोळा करून त्यांची पानं बनवणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता, आणि प्रत्येक पान त्या स्वतः कोडशी ताडून दुरुस्त करत. पस्तिशीत त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून त्या कीबोर्डपुढच्या ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचत. सोळा वर्षांत त्यांच्या पानात कुणाला काना-मात्रेची चूक सापडली नव्हती. आता एका पानावर होतं की तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये फाइल प्रत्येक फेरीला बंद होते. खरं तर ती सगळ्या फेऱ्या संपल्यावर एकदाच बंद व्हायची.

फूटपट्टींनी ताईंच्या टेबलापाशी जाऊन ते वाक्य वाचून दाखवलं.

"ताई, हे तुमच्याकडून कसं झालं?"

"हात द्या इकडे."

ताईंनी त्यांचं बोट पट्टीच्या डाव्या टोकावर ठेवलं. "काय लागतंय?"

"काही नाही. सपाट आहे."

"सरका पुढे."

बोट सरकत राहिलं. बऱ्याच अंतरानंतर कुठे ठिपके लागले.

"पट्टीवर एका वेळी चाळीस अक्षरं मावतात," ताई म्हणाल्या. "चार पायऱ्या आत गेलं की त्यातली सोळा तुमच्या शिस्तीलाच. पूर्वी चार टॅब म्हणजे चार खुणा, बोटाला लगेच कळायच्या. आता बारा सपाट की सोळा, हे दिवसभर मोजत बसायचं, कारण ओळ फेरीच्या आतली की बाहेरची ते त्यावरूनच कळतं. चुकतं मग."

"बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर माझ्यापुरती सोय केली असतीत. ती चार दिवस चालते. मग कुणीतरी विसरतं, आणि मी आठवण करत फिरायचं." त्यांचा हात पट्टीवरून मागे आला. "शुक्रवारी राजीनामा देणार आहे. लोकांना चुकीचं शिकवण्यापेक्षा ते बरं."

फूटपट्टी जागेवर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठक बोलावली आणि स्वतःचाच नियम रद्द करायला सांगितला: पायरीला एक टॅब, त्याची रुंदी ज्याने त्याने आपल्या पडद्यावर ठरवावी.

"दोन वर्षं आमचं डोकं खाल्लंत," मुख्य प्रोग्रामर म्हणाला, "आणि आता टॅब?"

"हो. तेव्हा माझ्या डोळ्यांना काय बरं दिसतं, एवढंच मी पाहिलं होतं."

पुन्हा फॉर्मॅटर फिरवला, तेव्हा हजारो फाइली बदलल्या. नियमाखाली त्यांनी कारण लिहिलं, ताईंच्या उल्लेखासकट. ताईंनी तो उल्लेख काढायला लावला.

"बोटांनी वाचणाऱ्यांसाठी, एवढंच ठेवा. उद्या दुसरं कुणी येईल, त्याला माझे उपकार कशाला?"

शुक्रवारी राजीनाम्याचा विषय निघाला नाही. संध्याकाळपर्यंत ताईंनी चुकीची तीन पानं दुरुस्त केली. चौथं सोमवारसाठी ठेवलं.