जातो म्हणणारे गृहस्थ

कार्डिफला कामावर जाताना बसमध्ये मला रोज एक वयस्कर मराठी गृहस्थ भेटायचे. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. नाव म्हणजे दुसऱ्यांनी चिकटवलेलं लेबल, म्हणे.

मरण हा त्यांचा लाडका विषय. "आपण मरणार हे माणूस विसरतो, म्हणून खोटं जगतो," असं ते सांगायचे, आणि सांगताना दोन्ही हातांनी खांब घट्ट धरून ठेवायचे. बस जरा जोरात वळली की बोलणं बंद.

त्यांचा सगळ्यात जास्त राग 'येतो' या शब्दावर. "निघताना 'जातो' म्हणायला आपण घाबरतो. भित्र्यांची भाषा आहे ही." मग लायब्ररीच्या स्टॉपवर ते सगळ्या बसला ऐकू जाईल असं "जातो" म्हणून उतरायचे. एकदा माझ्या सासूबाई बरोबर होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "फार आजारी आहेत का गं?"

परवा ते लायब्ररीला उतरलेच नाहीत. माझ्याबरोबर थेट मी काम करते त्या हॉस्पिटलपर्यंत आले. हातात छोटी बॅग होती. "किरकोळ ऑपरेशन आहे," म्हणाले. वाटेत मरणाचा विषय निघाला नाही. सगळा वेळ ते हवेबद्दलच बोलत होते.

हॉस्पिटलच्या दारात त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "बरंय, येतो."

"या," मी म्हटलं. "खांबाजवळची जागा धरून ठेवते."