उन्हाचा दाखला

"अजून कच्चं हाय," मावशी म्हणायची. तवा तापला का ते पाहावं तसा तळहात धरून ती ऊन जोखायची. दहाच्या सुमारास "आता शिजलं" म्हणाली, की सून बांबूंवर बोंबील वाळत घालायची. शिरगावच्या पुढे किनाऱ्यालगतच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो, तेव्हाची ही मावशी.

तिच्या वाळवणाच्या जागेला लागून पश्चिमेला सरकारी पडीक जमीन होती. तिथं सौर प्रकल्प यायचं ठरलं. वीज येणार म्हणून गाव खूश. ग्रामसभेत मावशी एकटीच उठली.

"त्या काचा उंच उभ्या केल्यात की दुपारची सावली माज्या बोंबलावर. अर्दवट सुकलेला बोंबील कोन घेल?"

"मावशी, सूर्य सगळ्यांचा असतो," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मंग वरचा तुमी घ्या. माज्या जाग्यावर पडतो तो माजा."

हरकतीचा छापील अर्ज कारखान्यांसाठी केलेला होता. धूर, वास, आवाज, सांडपाणी एवढेच रकाने. मी 'इतर'पुढे 'सावली' लिहिलं. तालुक्याहून उत्तर आलं: सदर जागेवर ऊन पडत असल्याचा दाखला जोडावा.

तुम्ही कचेरीत खेटे घातले असतील तर हसणार नाही. मी दाखला लिहिला, 'सदर जागेवर ऊन पडते', सही केली, शिक्का मारला. तो परत आला. कधीपासून पडते, याचा उल्लेख नव्हता.

"माज्या सासूच्या आदीपासून लिवा, भाऊसाहेब," मावशी म्हणाली. मी 'पूर्वापार' लिहिलं.

मग तालुक्याचे साहेब स्वतः पाहणीला आले, सोबत शिपाई आणि कंपनीचा माणूस. नेमकं त्या दिवशी आभाळ भरलेलं. इकडंतिकडं बघून त्यांनी मला पंचनामा सांगायला सुरुवात केली, "मौजे मजकुरी ऊन आढळून आले नाही."

मावशी भांडली नाही. तिनं खुर्ची आणून ठेवली.

"बसा, सायेब. तारकेला हजर व्हायला तो काय सरकारी नोकर नाय."

साहेबांनी चहा घेतला. मग भात आणि बोंबलाचं कालवण आलं. साहेब एकदा घड्याळाकडं, एकदा ताटाकडं बघत जेवले. तीनच्या सुमारास ढग फाटले. शिपाई आणि कंपनीचा माणूस पडीक जमिनीत गेले आणि पॅनेलच्या उंचीएवढ्या बांबूंना चादर बांधून उभे राहिले. सावली होणाऱ्या कुंपणाची खूण ओलांडून साहेबांच्या मांडीपर्यंत आली. साहेबांना गार वाटलं असावं. "लिहा, पडते," ते म्हणाले.

पॅनेलच्या रांगा तीस फूट मागं सरकल्या. ती तीस फुटांची पट्टी कुंपणाबाहेर मोकळी राहिली.

मावशीला पुढं दोनच हंगाम मिळाले. माझी बदली झाली होती, ती गेल्याचं उशिरा कळलं. परवा उमरोळीला काम होतं, तसाच गावात जाऊन आलो. सून आता बोईसरला कंपनीत जाते. बोंबील कुणी घालत नाही. त्या तीस फुटांत भर उन्हात गावातली कुत्री पाय ताणून झोपली होती. प्रकल्पाचा रखवालदार त्यांना वळसा घालून फाटकाकडं गेला.