माझी सवत, सुएझ

माझे यजमान मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. सुट्टीवर वसईला आले की आमच्या वाडीत (बागायतीत) शेजारी जमत आणि हे सुएझ कालव्याच्या गोष्टी रंगवून सांगत. चेहरा असा खुलायचा की आमच्या लग्नाच्या फोटोंतही तसा दिसत नाही. मी आत चहा गाळत जळायचे. कालवा ही माझी सवतच होती. दोन हजार सालच्या आसपास कंपनीने बायकोला बरोबर न्यायची परवानगी दिली, तेव्हा मी मुंबईहून जहाजावर चढले ती तिला बघायलाच. दोघांनी कठड्याशी उभं राहून बघायची, एवढी एकच हौस होती.

पहाटे सुएझ बंदरातून जहाजांचा तांडा कालव्यात निघाला. डावीकडे खजुरी, हिरवी शेतं. उजवीकडे सिनाईची कोरडी वाळू. आम्ही इतके हळू, की काठावरचा सायकलवाला पुढे गेला. हा कालवा फलाहीनांना (शेतकऱ्यांना) वेठीला धरून खणवून घेतला. कित्येक जण इथेच मेले. त्याआधी युरोपची वाट आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाई. पोर्तुगीज आमच्या वसईला आले ते त्याच वाटेने. कालवा झाला आणि विलायत जवळ आली, पण भाग्य उजळलं मुंबईचं. आमचं सोपारा कधीकाळचं मोठं बंदर, ते गाळाने बुजलं. इथे मात्र गाळ उपसायला यंत्रं उभी. माझ्या पोटात दुखलंच.

दोर बांधायला जहाजावर आलेल्या इजिप्शियन माणसांनी डेकवर पितळी उंट विकायला मांडले होते. एकाने गाव विचारलं. वसई त्याला ठाऊक नव्हती. “बॉम्बे,” तो समजूत घातल्यासारखं म्हणाला. मी उंट घेतला नाही.

हे मात्र वर येईनात. जेवणाची वेळ टळली तशी मीच ताट घेऊन खाली इंजिनाकडे गेले. हे मीटरांपुढे बसलेले. खिडकी कुठेच नव्हती.

“अहो, वर चला ना. कालवा संपत आला.”

“इंजिन बंद पडलं तर मागची सगळी जहाजं अडकतात. कालव्यात आम्ही खालीच असतो.”

“मग तुम्ही बघितलाय कधी?”

“नाही. वरचे ऑफिसर सांगतात, तेच मी वाडीत सांगतो.” मग त्यांनी हळूच विचारलं, “खजुरी डावीकडेच आहेत ना?”

वसईला परतल्यावर शेजारी जमले. शेजारच्या काकांनी ह्यांना नेहमीसारखं सांगायला बसवलं. “ह्या खेपेला हिला विचारा,” हे म्हणाले. मी सांगत सुटले. ऐकताना हे हसत होते, पण हातातला चहा तसाच निवत होता. ज्या कालव्याने इतकी वर्षं माझा नवरा अडकवून ठेवला, त्याने त्यांना तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. आता जळण्याची पाळी त्यांची होती, आणि मला ते मुळीच गोड वाटलं नाही.