दादाने वाटलेल्या दोन डिक्शनऱ्या

माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं. आम्ही दोघं गाव सोडून निघालो त्या सकाळी, बाबांच्या देखत, घरच्या पडवीत. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या ठाण्या-कल्याणकडे आलेल्यांनी हे नीट ऐकावं, कारण दादा सगळ्यांना सांगत फिरतो, "तिनेच निवडली."

आमच्याकडे वाटणीची रीत आहे. थोरल्याने दोन वाटे करायचे, धाकट्याने आधी उचलायचं. पण वाटे करणाऱ्याने खोट आधी बोलून दाखवायची. फणस आतून किडका असेल तर तसं सांगायचं. त्या दिवशी मास्तर असलेल्या काकांनी आम्हाला आपल्या दोन इंग्रजी डिक्शनऱ्या दिल्या. दादा त्यांच्याकडे शिकायला जायचा, दोन्ही रोज हाताळायचा. एक उशीएवढी जाड, सोनेरी अक्षरांची. दुसरी तिच्या निम्मी, पुठ्ठा निखळलेली. बाबांनी विचारलं, "खोट सांगितलीस ना रे?" दादा खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. मी झडप घालून जाड उचलली.

कळव्याला आत्याकडे राहून मी कोलशेतच्या एका कारखान्यात पत्रव्यवहाराला लागले. मोबाइलवर अर्थ सापडायच्या आधीचे दिवस. माझ्या डिक्शनरीत शब्द भरमसाट, पण प्रत्येकापुढे अर्थ म्हणून दुसरे चार शब्द नुसते टांगलेले. हा शब्द आज कोणी वापरतं का, कोणापुढे वापरावा, वाक्यात कसा बसतो, काही म्हणजे काही नाही. त्यातले भारदस्त शब्द वेचून मी एका जुन्या गिऱ्हाइकाला साधं आठवणीचं पत्र लिहिलं. साहेबांनी ते टेबलावर आपटलं.

"मॅडम, हे रिमाइंडर आहे की कोर्टाची नोटीस? पार्टी तुटली ना!"

दुसऱ्या दिवसापासून मी पॅकिंगला.

त्या रविवारी डोंबिवलीला दादाच्या खोलीवर गेले आणि त्याची फाटकी डिक्शनरी उघडली. प्रत्येक शब्दाचा उच्चार. आधी रोजचा अर्थ, मग आडवळणाचे. खाली पुरं वाक्य. कुठे खूण, हा शब्द जुना झाला. कुठे, हा समोरच्याला लागेल. माझं डोकंच फिरलं. दादा हसला.

"अगं, तू जाडीच बघणार, मला ठाऊक होतं. आणि निवडलीस तूच ना?"

पॅकिंगमध्येच मी खोक्यांचा धंदा शिकले. आज माझं स्वतःचं युनिट आहे. पुठ्ठेवाला नमुना दाखवतो, तो मी आधी फाडून बघते.

"ताई, भरोसा नाय काय?"

"आहे रे, म्हणून तर एकच फाडला."

नातेवाईक म्हणतात, त्या डिक्शनरीने तुझं भलंच झालं. झालं असेल. ते मी केलं, दादाने नाही.

गाव म्हटलं की लोकांना आंबे आठवतात. मला आठवते ती एवढ्या मोठ्या जगातली एकच जागा, जिथे माल उलटापालटा करून बघावा लागत नव्हता. माझं घर ते तेवढंच होतं. इथे फ्लॅट घेतला, गाडी घेतली, पण तशी जागा पुन्हा मिळाली नाही.

येत्या गणपतीत सगळे जमू. दादा, बाबांना आता कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने सांग. त्यांनी विचारलं, तेव्हा तू गप्प का बसलास?