म्हाळसाबाईचं लुगडं

वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जाता ना? मग सांगा, मांडीवर घेतलेल्या पोराला खाली उतरवताना तुम्ही काय म्हणता? "परत येईन"? आणि जाता का परत?

मीही जात नव्हतो. गुलमंडीत मोर्चे काढणारा, लोकांचे अर्ज भरून देणारा माणूस मी. खाऊ वाटताना माझेही फोटो पेपरात आलेत. ती मिजास उतरवली म्हाळसाबाईनं.

म्हाळसाबाई गंगापूरकडची. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नवरा वारल्यावर आमच्या शहरात, छावणीजवळ खोली घेऊन राहिली. मुलगा बिरू केनियात, नायवाशा नावाच्या गावी गुलाबाच्या शेतीवर सुपरवायझर. त्यानं आईला काही महिन्यांसाठी बोलावलं, तेव्हा पासपोर्टचा अर्ज मीच भरला.

"तिथं बसून काय करणार, मावशी?"

"बसायला कशाला जाते? हात हायेत की."

बिरू दिवसभर कामावर. घराजवळ ख्रिस्ती मिशनचं बालगृह. तिसऱ्याच दिवशी ही बाई फाटकातून सरळ आत गेली आणि पोरांचे कपडे पिळायला लागली. तिथल्या प्रमुख बाई, मामा ग्रेस (तिकडं 'मामा' म्हणजे आई), आधी हसल्या, मग बिरूला बोलावून सगळी चौकशी केली आणि रोज यायला सांगितलं. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती.

वंजीरू नावाची चार वर्षांची पोर तिथं नवीन आली होती. आईबाप नाहीत, जेवणाला तोंडच उघडत नव्हती. म्हाळसाबाईनं तिला मांडीवर घेतलं. तिकडं मक्याचं पीठ शिजवून केलेला गोळा असतो, आपल्या घट्ट घाट्यासारखा. तो दुधात कालवून बोटानं चाटवला. पोर खायला लागली. महिन्याभरात गाल भरले.

"मामा ग्रेस मला मिठ्या मारायची. मी बी फुगले," परत आल्यावर म्हाळसाबाई मला सांगत होती.

मग हिला ताप आला. दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, पोरीनं अन्नाला हात लावला नव्हता.

"तवा डोस्क्यात उजेड पडला. जल्म मेंढरात गेला अन् हीच चूक केली! हातावर वाढवलेलं कोकरू कळपात राहत नाय. मानसामागं फिरतंय, अन् मानूस गेला की झुरतंय. माझं तिकीट तर सव्वा महिन्यावर आलेलं."

"मग तिकीट पुढं ढकलायचं!" मी उसळलो.

"किती दिस? व्हिसा तुझा बाप देनार व्हता?"



आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं, तर तिचं दूध कोकराच्या अंगाला चोळतात. वास ओळखीचा झाला की मेंढी जवळ करते. म्हाळसाबाईनं तेच केलं, फक्त उलटं: ओळखीचा वास लेकराला नाही, नव्या आईला लावला. बालगृहात बारा वर्षांची एक दांडगट पोरगी होती, धाकट्यांना ओढत नेऊन हातपाय धुणारी. हिनं आपल्या अंगाचा वास लागलेलं जुनं लुगडं फाडून तिच्या खांद्यावरून बांधलं आणि वंजीरूला तिच्या मांडीवर दिलं. घास तिनं भरवायचा. म्हाळसाबाई आधी शेजारी बसली, मग चार हात लांब, मग दाराबाहेर, शेवटी मागच्या मोरीवर भांड्यांपाशी. पहिले काही दिवस वंजीरू रडून घर डोक्यावर घ्यायची.

"लेकरू रडत होतं आणि तू भांडी घासत होतीस? काळीज आहे का दगड?" मी विचारलं.

"भाषन नको देऊ. तुझ्या मोर्च्यात नाय मी."

निघायच्या दिवशी तिनं खिडकीतून पाहिलं. वंजीरू त्या पोरीच्या मांडीला टेकून, पाचसहा जणींच्या घोळक्यात, स्वतःच्या हातानं खात होती. म्हाळसाबाई आत गेलीच नाही. तिथूनच मागं फिरली.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पन ते माझ्या वाट्याचं. लेकराच्या पानात कशाला वाढू?"

या बाईचा सत्कार करायला निघालो होतो मी, शालबिल घेऊन! तिनं शाल ठेवून घेतली, वर म्हणाली, "गुरुवारी इथल्या बालगृहात ये, मी जाते तिथं. पोरांच्या भांड्यांना दोन हात कमी पडत्यात."

वर्ष झालं, छावणीजवळच्या बालगृहात मी गुरुवारी जातो. अजून एकाही पोराला मांडीवर घेतलं नाही. आधी मी येतोच, हे त्यांना पटू दे.

तुम्हीही या. पण केक घरी कापा आणि येताना बाह्या वर करून या. मोरीवर म्हाळसाबाईच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. आणि पुढच्या गुरुवारी येणार नसाल, तर कृपा करून कुठल्या लेकराला "परत येईन" म्हणू नका.