फळीची उंची
भिंतीला भोक पाडताना चुन्याच्या धुळीचा वास सुटला की मला सोलापुरातलं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी सांगोल्याहून लग्न होऊन तिथं आले, तेव्हा स्वयंपाकघरात एकच लांब फळी होती. गिरणीत कामाला असलेल्या सासऱ्यांनी ती स्वतः ठोकलेली, त्यांच्या हाताला लागेल इतकी उंच. स्वयंपाक मात्र सासूबाई आणि मी, आम्हा दोघी बुटक्या बायकांचा. मीठ हवं, चढा स्टुलावर. डाळ हवी, पुन्हा चढा. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत भाकरी तयार पाहिजे म्हणून एका दुपारी पिठाच्या हातानंच चढले, आणि शेंगाचटणीचा डबा निसटून सगळी चटणी जमिनीवर सांडली. तव्यावरची भाकरीही करपली. ती चटणी भरून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. मी उरलेले डबे एकेक करून खाली उतरवले आणि चुलीशेजारी भिंतीला लावून ठेवले. सासऱ्यांनी ठेवलेलं काही त्या घरात कुणी हलवत नसे. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी रिकाम्या फळीकडं पाहिलं, डब्यांकडं पाहिलं आणि हळूच स्टुलावर टेकल्या. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं नुसती चढले न् उतरले. ह्याच्यावर बसता बी येतंय, हे कदी सुचलंच न्हाय की." आज मुलाच्या नव्या घरात सुतार मुलालाच विचारत होता, फळी किती उंच घेऊ. मी सुनेला म्हटलं, तू हात वर कर.